कूलरच्या हवेत जुना कॉम्प्युटर ठेवू नका

जुन्या कॉम्प्युटरांबद्दल अकोला-अमरावतीकडून आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आमचं सरकी-ढेपेचं जुनं दुकान आहे. वडिलांनी १९९० च्या सुमारास हिशेबासाठी घेतलेला कॉम्प्युटर, हिरव्या अक्षरांचा मॉनिटर, प्रिंटर आणि फ्लॉप्यांचा एक डबा माळ्यावर पडून आहे. भंगारवाला किलोच्या भावाने मागतो. आई रोज म्हणते, "काहून ठेवून रायला रे हे डबडं?" मला मात्र ते देववत नाही. जुने कॉम्प्युटर जमवण्याचा छंद लोक खरंच करतात का? आणि आपल्या वऱ्हाडात जमवण्यासारखं आहे तरी काय?
(एक वाचक, जठारपेठ, अकोला)

उत्तर : करतात, आणि झपाटल्यासारखा करतात. इंग्लंडात ब्लेचली पार्कला दुसऱ्या महायुद्धातलं 'कोलॉसस' हे यंत्र हौशी मंडळींनी पुन्हा बांधलं आणि ते चालवून दाखवतात. अमेरिकेत माउंटन व्ह्यू इथे कॉम्प्युटरच्या इतिहासाचं स्वतंत्र संग्रहालय आहे. आपल्याकडे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या लोकांनी बांधलेला 'टिफ्रॅक' १९६० मध्ये पूर्णपणे चालू झाला, १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला हे नाव दिलं, आणि १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा अमेरिकी कॉम्प्युटर आल्यावर त्याचं काम संपलं. सुमारे २,७०० व्हॉल्व्हांचं ते धूड आज कुणाला चालताना बघता येत नाही. कॉम्प्युटरच्या नशिबी हे पहिल्यापासून आहे. चार-पाच वर्षांत तो जुना होतो, आणि जुना झाला की जागा अडवतो. जो उरतो तो बहुतेक वेळा तुमच्यासारख्या कुणाच्या तरी माळ्यावर, 'देववत नाही' एवढ्याच कारणाने उरतो.

आईंना पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय दाखवून आणा. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती गोळा करायला सुरुवात केली तेव्हा लोक या वस्तू मोडीत घालत होते. १९७५ मध्ये तो संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला आणि आता आपण तिकीट काढून अडकित्ते बघतो. केळकरांची नजर घरोघरच्या वापरातल्या वस्तूंवर होती. जुन्या कॉम्प्युटरांच्या बाबतीतही मी हीच कसोटी लावतो : इथे, आपल्या लोकांनी, कामासाठी वापरलेलं यंत्र आधी. जगभर नावाजलेलं यंत्र नंतर, आणि तेही परवडलं तर.

आता वऱ्हाडाचं बघू. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ चं, पण या भागात कॉम्प्युटरला खरी वाट मिळाली ती १९८३ नंतर. त्या वर्षी वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. बडनेऱ्याचं आणि शेगावचं कॉलेज त्याच वर्षीचं. अमरावती विद्यापीठही १ मे १९८३ ला सुरू झालं. पाठोपाठ दिल्लीहून 'क्लास' नावाची योजना आली. १९८४-८५ मध्ये देशभरातल्या सुमारे २५० शाळांना ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचे 'बीबीसी मायक्रो' मिळाले, आणि पुढे सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने तेच यंत्र 'युनिकॉर्न' नावाने आणलं. बँकांत रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर लेजर पोस्टिंगची यंत्रं आली. मग अडत्यांच्या पेढ्या, जिनिंग-प्रेसिंग, सहकारी संस्था, लग्नपत्रिका छापणारे प्रेस. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं आणि एमएस-सीआयटीच्या केंद्रांनी तालुक्या-तालुक्यात पेंटियम पोचवले.

या सगळ्या लाटांमधली यंत्रं कुठे ना कुठे पडून आहेत. दुकानांची माळ्यावर, आणि शाळा-कॉलेजांची डेड स्टॉक रजिस्टरात. रजिस्टरातून निर्लेखन होईपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही, त्यामुळे ती सुरक्षित असतात. निर्लेखन झालं की मात्र एका दुपारी टेम्पो येतो. एखाद्या कॉलेजच्या लॅब असिस्टंटशी तुमची ओळख असेल तर ती जपा, या छंदात तिच्याइतकं मोलाचं काही नाही.

आयबीएमने १९७८ मध्ये भारतातून काढता पाय घेतला. त्यानंतरच्या पोकळीत एचसीएल, विप्रो, डीसीएम, झेनिथ, पीसीएल अशा देशी नावांची यंत्रं बाजारात आली. एचसीएलचा 'बिझीबी' आठवणारे लोक अजून भेटतील. पण मला विचाराल तर सगळ्यात दुर्लक्षित माल म्हणजे असेंबल्ड मशीन. कॅबिनेट एकाचं, मदरबोर्ड तैवानचा, आणि पुढच्या बाजूला गावातल्याच एखाद्या दुकानाचं स्टिकर. असलं मशीन कुठल्याही परदेशी संग्राहकाला नको असतं, आणि वऱ्हाडातली बहुतेक कामं झाली ती त्याच्यावरच. ते स्टिकर नखाने खरवडू नका. त्यावर दुकानाचं नाव आणि चार-पाच आकडी टेलिफोन नंबर असेल तर तोच त्या मशीनचा जन्मदाखला.

तुमच्याकडे नेमकं काय आहे हे कळायला कॅबिनेट उघडायचीही गरज नाही. कीबोर्डवर एफ-१ ते एफ-१० ही बटणं डावीकडे दोन उभ्या रांगांत असतील आणि कॅबिनेटला किल्लीचं कुलूप नसेल, तर तो बहुधा एक्सटी असावा. म्हणजे ८०८८ प्रोसेसर, ६४० केबी मेमरी, आणि हार्ड डिस्क असलीच तर २० एमबीची. आजच्या मोबाइलमधले चार-पाच फोटो तिच्यात मावणार नाहीत. पुढे गोल किल्ली आणि 'टर्बो' लिहिलेलं बटण असेल तर एटी किंवा त्यानंतरचा. त्या काळी एका स्कूटरच्या पैशात असला कॉम्प्युटर येत नव्हता. म्हणूनच त्याला वेगळी खोली, एसी, मखमली कव्हर, आणि आत शिरताना चपला बाहेर.

खरा ऐवज मात्र त्या फ्लॉप्यांच्या डब्यात आहे. सरकीच्या दुकानाचे १९९० चे हिशेब म्हणजे कापूस एकाधिकार खरेदीच्या काळातले सरकी-ढेपेचे रोजचे भाव, उधाऱ्या, गावोगावची गिऱ्हाइकं. हिशेब बहुधा डीबेसमध्ये लिहिलेल्या एखाद्या प्रोग्रामवर ठेवलेले असतील. फ्लॉपी वाचता आली तर तिच्यातली डीबीएफ फाइल आजही लिबरऑफिसमध्ये सरळ उघडते, आणि १९९० चा भाव २०२० च्या दशकातल्या पडद्यावर रकान्यात येऊन बसतो. पुढे कुणी वऱ्हाडातल्या कापूस व्यापारावर लिहायला बसला तर त्याला तुमचा डबा कॅबिनेटपेक्षा जास्त उपयोगी पडेल. बिलं, वॉरंटी कार्ड, देखभालीच्या कराराचे कागद, मॅन्युअलं, प्रिंटरची न वापरलेली रिबन यातलं काहीच टाकू नका. वडील असतील तर त्यांना मोबाइलसमोर बसवून विचारा : प्रोग्राम कुणी लिहून दिला, मुनीमजींनी पहिल्या दिवशी काय केलं, वही आणि कॉम्प्युटर किती वर्षं बरोबरीने चालले. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऐकण्यासारखं असतं, कारण बहुतेक पेढ्यांवर कॉम्प्युटरचा हिशेब बरोबर आहे का हे वहीवरून तपासत.

प्रश्न : याला भाव किती येतो?
(एक वाचक, अकोट)

उत्तर : तुम्ही ॲपल-१ ची बातमी वाचलेली दिसते. १९७६ मध्ये ६६६.६६ डॉलरला विकलेला, दोनशेच्या आसपास नग बनलेला तो कॉम्प्युटर २०१४ मध्ये लिलावात ९ लाख ५ हजार डॉलरला गेला, हे खरं. अकोटात तो निघणार नाही. देशी एक्सटी-एटीला ठरलेला बाजारभाव नाही, घेणारा हौशी भेटला तर देईल ती किंमत. भंगारवाला पत्र्याचे आणि तारेचे पैसे देतो आणि पुढचा व्यापारी सोन्याचे मिळवतो. सिरॅमिकच्या जुन्या प्रोसेसरांत, विशेषतः पेंटियम प्रोमध्ये, सोनं तुलनेने जास्त असतं. त्यामुळेच भंगारात कॅबिनेट साबूत मिळतं आणि आत मेंदूच नसतो. विकायचं असेल तर निदान सुटे भाग करून विकू नका.

प्रश्न : बडनेऱ्याला शिकत असताना घेतलेला माझा ४८६ बऱ्याच वर्षांनी कपाटातून काढला आहे. लगेच चालू करू का? आणि आपल्या हवेत ही यंत्रं कशाने खराब होतात?
(एक वाचक, राजापेठ, अमरावती)

उत्तर : लगेच मुळीच नको. आधी मागचे स्क्रू काढा, कव्हर सरकवा आणि आत बघा. ३८६-४८६ च्या मदरबोर्डवर, बहुतेक कीबोर्डच्या सॉकेटजवळ, करंगळीच्या पेराएवढी निळी नळकांडी बॅटरी सोल्डर केलेली असते. कॉम्प्युटर बंद असताना तारीख-वेळ आणि सेटिंग्ज लक्षात राहावीत म्हणून ती बसवलेली. ती निकेल-कॅडमियमची असते, आणि इतक्या वर्षांत ती पाझरलीच म्हणून समजा. संत्र्याच्या बुंध्याला लावतात त्या मोरचुदाच्या रंगाची पूड तिच्या टोकांशी दिसेल. आतला क्षार बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खात हळूहळू पुढे सरकतो. आधी कीबोर्डचं सॉकेट जातं, मग जवळच्या चिपांचे पाय. पूड दिसो वा न दिसो, बॅटरी कटरने कापून काढा. कॅडमियम विषारी आहे, तेव्हा कचऱ्यात टाकू नका, बंद डबीत वेगळी ठेवा.

मग सफाई. बाहेर आलेला पदार्थ क्षार आहे, म्हणून त्याच्यावर आम्ल : स्वयंपाकघरातलं पांढरं व्हिनेगर, जुना दातांचा ब्रश, आणि तेवढ्याच जागेवर. लिंबू वापरू नका, त्याचा चिकटा राहतो. नंतर इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आपल्या घरात असतंच, त्याने धुवा. शेवटी मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, फिरवा. वाळवायचं ते पंख्याखाली, दोन दिवस. मे महिन्याच्या उन्हात बोर्ड ठेवण्याची हौस करू नका.

पॉवर सप्लायची, म्हणजे आपल्या एसएमपीएसची, पाळी त्यानंतर. मागे लाल रंगाचं ११५ / २३० लिहिलेलं बटण असेल तर ते २३० वर आहे याची खात्री करा. मदरबोर्डाची जोडणी काढून ठेवा आणि त्या जागी एखादी निकामी हार्ड डिस्क लावा, कारण लोड नसेल तर ते जुने सप्लाय चालूच होत नाहीत. थेट भिंतीवरच्या बोर्डात पिन खुपसण्याऐवजी इलेक्ट्रिशियनकडचा सिरीज लॅम्प मागून आणा, साध्या शंभर वॅटच्या पिवळ्या बल्बचा. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. भक्क पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा. बीबीसी मायक्रोसारख्या ब्रिटिश यंत्रांच्या सप्लायमध्ये पारदर्शक पिवळट कवचाचे कागदी कपॅसिटर असतात. त्यांना तडे गेलेले असले की चालू केल्यावर काही मिनिटांत फटाका वाजतो आणि घरभर जळका वास सुटतो. ते आधीच बदलून घ्यावेत. सप्लाय आणि मॉनिटर या दोन गोष्टी मात्र सवय नसेल तर स्वतः उघडू नका. मॉनिटरच्या काचेच्या नळीवर हजारो व्होल्ट असतात आणि पिन काढल्यावरही काही काळ राहतात. गावात जुने टीव्ही दुरुस्त करणारा एखादा मेकॅनिक अजून असेल. त्याला हे काम डोळे मिटून येतं, आणि बऱ्याच दिवसांनी पिक्चर ट्यूब समोर आली म्हणून तो खूषही होतो.

आता हवा. कोकणातल्या माणसाला हा छंद जितका छळतो तितका आपल्याला छळत नाही. तिथे वर्षाचा बराचसा काळ गंज आणि बुरशी, आपल्याकडे तो त्रास पावसाळ्यापुरता. आपला शत्रू उन्हाळा, आणि तोही दोन वेगळ्या वाटांनी येतो.

पहिली वाट सरळ उष्णतेची. अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो तेव्हा टिनाच्या शेडमध्ये किंवा स्लॅबला लागून असलेल्या माळ्यावर काय होत असेल याचा अंदाज करा. कपॅसिटरचं आयुष्य साधारण दर दहा अंशांना निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला ठोकताळा आहे. प्लास्टिक ठिसूळ होतं, प्रिंटरचा रबरी रोल आणि फ्लॉपी ड्राइव्हचा पट्टा चिकट होतो. माळा सोडा आणि यंत्र तळमजल्यावरच्या मधल्या खोलीत आणा, बाहेरची भिंत नसलेल्या. गावाकडे धाब्याचं घर अजून उभं असेल तर त्याच्याइतकी चांगली जागा नाही, फक्त वरून माती गळते तेव्हा झाकून ठेवा.

दुसरी वाट कूलरची, आणि ती कुणाच्या लक्षात येत नाही. उन्हाळ्यात घरातली सगळ्यात गार खोली कूलरची, म्हणून मौल्यवान वस्तू तिथे ठेवाविशी वाटते. पण कूलर हवा गार करतो ती ओली करून. त्यात पूर्णेच्या खोऱ्यातला आपला खारपाणपट्टा : दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूरकडचं बोअरचं पाणी. सीझन संपल्यावर कूलरच्या ताट्यांवर आणि जाळीवर पांढरा थर धरलेला तुम्ही खरवडून काढला असेल. पंख्याच्या जोराने उडणारे बारीक तुषार तोच क्षार खोलीत नेतात. तो मदरबोर्डावर बसला आणि पावसाळ्यात ओलावला की तांब्याला आणि पत्र्याला खायला लागतो. कूलर बैठकीत आणि कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीत, एवढं पाळलंत तरी अर्धं काम झालं.

कूलर नसलेल्या खोलीत उलटा प्रकार. एप्रिल-मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की टेरिकॉटचा शर्ट काढताना चट्‌चट्‌ आवाज येतो. तीच स्थिर वीज मेमरीची चिप मारते, आणि आवाजही येत नाही. आतल्या भागांना हात लावायचं काम पावसाळ्यावर ढकला, किंवा सुती कपड्यात, अनवाणी, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला एक हात टेकवून करा. घराचं अर्थिंगही बघा. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा होतो. त्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतायची जुनी पद्धत बऱ्याच घरांत बंद पडली आहे, ती पुन्हा सुरू करा.

उंदरांचं एका ओळीत : कॅबिनेटच्या मागे कार्ड काढून घेतल्यावर उरणारी अरुंद फट पत्र्याने बंद करा, ते तिथूनच आत शिरतात आणि त्यांच्या मुतात बोर्ड सडतो. डांबराच्या गोळ्या टाकू नका, त्यांची वाफ काही जातींच्या प्लास्टिकला मऊ करते. पिवळं पडलेलं कॅबिनेट पांढरं करायला लोक ब्यूटी पार्लरमधलं हायड्रोजन पेरॉक्साइडचं क्रीम लावून उन्हात ठेवतात. ऊन आपल्याकडे फुकट असलं तरी मी तसं करणार नाही. पुष्कळदा डाग पडतात, आणि पिवळेपणाने कॉम्प्युटरचं काही बिघडत नाही.

प्रश्न : माझ्या काकांचा डीटीपीचा व्यवसाय होता. त्यांच्या फ्लॉप्यांत गावातल्या मंडळांच्या स्मरणिका आहेत, पण नव्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाइली खराब झाल्या का?
(एक विद्यार्थिनी, परतवाडा)

उत्तर : उघडताहेत म्हणजे फाइली चांगल्या आहेत. श्री-लिपी, आकृती अशा पॅकेजांच्या जुन्या फाँटांत मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेलं असे. कॉम्प्युटरच्या लेखी तिथे इंग्रजीच होतं, फाँट लावला की डोळ्यांना मराठी दिसे. फाँट गेला की बुरखा उतरतो. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, पण विंडोजला ती नीट कळायला लागली विंडोज २००० पासून, आणि आपल्याकडच्या प्रेसवाल्यांनी त्यानंतरही बरीच वर्षं जुनेच फाँट चालवले.

आधी मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवा, तिला हात लावायचा नाही. फाँटचं नेमकं नाव शोधा, कारण एकाच कंपनीच्या दोन फाँटांतही जागा वेगळ्या असू शकतात. मग युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर वापरा आणि शेवटी छापील स्मरणिका शेजारी ठेवून शब्द न्‌ शब्द तपासा. चुका ठरावीक ठिकाणी होतात. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी, अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफार आणि 'ऱ्या' मधला अर्धा र हेही हमखास घोळ घालतात. काकांकडे सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर केलेलं काही असेल तर तुमचं नशीब. त्यात मजकूर 'इस्की' या भारतीय मानकाप्रमाणे, उच्चाराच्या क्रमाने साठवलेला असतो, आणि युनिकोडची देवनागरी त्याच मानकावरून बेतलेली असल्याने रूपांतर जवळजवळ निर्दोष होतं.

फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्याआधी तिचं झाकण सरकवून उजेडात बघा. तबकडीवर पांढरे ठिपके असतील तर ती बुरशी आहे. तशीच घातलीत तर ड्राइव्हचं हेड खराब होईल आणि ते हेड पुढच्या चांगल्या फ्लॉप्याही ओरबाडेल. साडेतीन इंची फ्लॉपीसाठी यूएसबीचा ड्राइव्ह मिळतो. सव्वापाच इंचीसाठी जुना ड्राइव्ह आणि 'ग्रीझवीझल' नावाचा छोटा बोर्ड लागतो. तो फाइली वाचण्याच्या फंदात न पडता तबकडीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे उतरवून घेतो, त्यामुळे थोडी बिघडलेली फ्लॉपीही पुष्कळदा वाचते. आणि हो, काकांच्या कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या पोर्टात अंगठ्याएवढी ठोकळी खोचलेली असेल. तो डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरचं कुलूप. तो हरवला तर पॅकेज उघडणार नाही.

प्रश्न : 'परम' बनवणारे डॉ. विजय भटकर आमच्या तालुक्यातले. मग आपल्या भागात त्या यंत्राचा एखादा भाग जपलेला असायला नको का?
(एक शिक्षक, मूर्तिजापूर)

उत्तर : असायला हवा, आणि त्यासाठी अख्खं यंत्र लागत नाही. भटकरांचा जन्म १९४६ चा, गाव मुरंबा. नागपूरच्या विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते पदवीधर झाले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. त्याची रचना ध्यानात घेतली तर तुमच्या मागणीत किती तथ्य आहे ते कळतं. अमेरिकेचे क्रे महासंगणक मोजक्याच अतिवेगवान प्रोसेसरांवर चालत आणि ते विकत मिळायला अडचणी होत्या. परममध्ये ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे 'ट्रान्सप्यूटर' वापरले. बाजारात मिळणारी चिप, तिला शेजारच्या चिपांशी बोलायला चार दुवे, आणि अशा अनेक चिपांमध्ये एकच काम वाटून दिलेलं. म्हणजे एका बोर्डावर बोट ठेवून मुलांना सगळी कल्पना समजावता येते. ट्रान्सप्यूटरचे सुटे बोर्ड हौशी लोकांत आजही फिरतात. 'परम' चा अस्सल बोर्ड मागायचा तर शाळेच्या लेटरहेडवर सी-डॅकला लिहा. वैयक्तिक संग्राहकापेक्षा शाळेच्या पत्राला वजन असतं. तो मिळेपर्यंत शाळेच्या डेड स्टॉकमधला जुना पेंटियम उघडून मुलांसमोर ठेवा. 'शकुंतला' रेल्वेगाडीचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत मूर्तिजापूरच्या रुळांवर होतं आणि ते बघायला लोक लांबून येत. तुमच्या गावाला जुन्या यंत्राचं महत्त्व पटवून द्यायची फारशी गरज पडू नये.

प्रश्न : यजमानांनी दोन वर्षांत घराचं गोडाऊन केलं आहे. मॉनिटरच सात झाले. यातलं काय ठेवावं आणि काय काढावं, हे कृपया छापा. मी कात्रण काढून भिंतीला लावीन.
(एक वाचक, रतनलाल प्लॉट, अकोला)

उत्तर : लावाच. मॉनिटर दोन पुरेत : एक हिरव्या किंवा पिवळट अक्षरांचा, एक रंगीत. एकाच जातीची कॅबिनेटं असतील तर एक चालणारं, एक सुट्या भागांसाठी, तिसरं दुसऱ्या हौशी माणसाला. प्रिंटरांत विप्रोचा एलएक्स-८०० किंवा टीव्हीएसचा एमएसपी असेल तर एक राहू द्या. त्याचा कर्रकर्र आवाज ऐकलेली पिढी घरी आली की तो हमखास चालू करायला सांगते. टीव्हीएस गोल्डचे कीबोर्ड काढू नका, ते अजूनही टाइप करायला उत्तम आहेत आणि कपाटात उभे मावतात. साध्या विंडोज एक्सपी काळातल्या पेंटियम-४ मशीनांची गर्दी मात्र खुशाल कमी करा. त्या काळातल्या बऱ्याच मदरबोर्डांचे कपॅसिटर फुगलेले असतात. फुगलेलं डोकं दिसलं की आधी ते बाहेर.

काढायचं ते भंगारवाल्याकडे नको. पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं आणि तारा जाळून तांबं काढतात तो धूर वस्तीतच राहतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नव्या ई-कचरा नियमांप्रमाणे हा माल नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे गेला पाहिजे. अकोल्यात कुणी घेत नसेल तर नागपूरला जाणाऱ्या एखाद्या कॉलेजच्या गाडीत तुमचे पाच मॉनिटर बसवून द्या, कॉलेजांना तशीही अशी खेप न्यावी लागते. देण्याआधी हार्ड डिस्का काढून घ्यायला यजमानांना सांगा. त्यांत काय आहे हे बघितल्याशिवाय त्या घराबाहेर जाऊ देऊ नका, आणि बघायला त्यांना तारीख ठरवून द्या.